आत्या, ओमकार आडनाव बदलतोय

"हॅलो? … हां आत्या, बोल गं… संजनाच बोलतेय. जरा जोरात बोल, इथं मांडववाले बांबू ठोकतायत…

कोणी सांगितलं तुला? … शेजारच्या पदूनं? त्याच्या पोटात काय राहतंय… हो… हो, खरं हाय. ओमकार आडनाव बदलतोय… नाय गं, घरजावई कुठला! अगं ऐक ना… तो कुठं जात नाय. हर्षलाच येतेय इथं, लोधिवलीला, आपल्याच घरात… आधी माझं ऐकून तर घे."

संजना मांडवातून निघून न्हाणीमागच्या दगडावर जाऊन बसली. धाकट्या भावाचं लग्न परवावर आलं होतं आणि घरात बापलेकाचं बोलणं बंद होतं. नानांनी शेवटचं एकच सांगून ठेवलं होतं, 'अक्काला विचारा. ती हो म्हणाली तर मी मांडवात बसेन.' आता फोन कसा करावा या विचारात संजना होती, तर आत्याचाच, म्हणजे नानांच्या अक्काचाच, फोन आला. आणि तीही तापलेली.

"तिनं कुठं काय शिकवलंय त्याला? … उलट तीच घाबरली गं. म्हणाली, लोक तुला सुखानं जगू देणार नायत, राहू दे, आपण दोघं आपापलं ठेवू… हो, तसंही चालतं… नाय, कायदा कुठं अडवतोय? बाईनं नवऱ्याचं लावावं, नवऱ्यानं बायकोचं लावावं, नायतर दोघांनी आपापलं ठेवावं, नायतर दोन्ही जोडावीत. त्यांनी सगळं बोलून बघितलं… मग जोडायचंच ठरलं. पिंगळे तिचं, दोघं पण एकच लावणार, बडेकर-पिंगळे… अगं, बडेकर पहिलंच हाय की! पुसलं कुठं? मधे नानांचं नाव पण तसंच… हां, लग्न झालं की दाखला घ्यायचा आणि गॅझेटला द्यायचं. तो सेतूवाला पण हसला म्हणे, नवरा मुलगा असला अर्ज घेऊन कधी आलाच नाय कोणी…

आत्या, तुला खरं सांगू का? हे माझ्यामुळं झालंय… नाय, रडत नाय मी. ऐक. माझी फारकत झाली, तुला माहीत हाय. मी घरी आले, पण कागदावर अजून त्याच घरची. बँकेत गेले तर म्हणे आधारवर वेगळं हाय. आधारला गेले तर म्हणे पहिलं गॅझेट आणा. ओमकार मला गाडीवर बसवून खालापूरला न्यायचा, कर्जतला न्यायचा, अलिबागला पण नेलं… आणि एका खिडकीवर त्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, बाई, तुम्ही नक्की कोणाच्या? … हो ना, अस्सं! मी खाली मान घालून उभी. तर ओमकार पुढं झाला, म्हणाला, ती तिची स्वतःची हाय, तुमी शिक्का मारा…

येताना चौक गावात चहा घ्यायला थांबलो. त्याचा चहा तसाच निवून गेला. म्हणाला, ताई, तुझं नाव दोनदा बदललं, मला कोणी एकदा पण विचारलं नाय, तू बदलणार का म्हणून. माझ्या लग्नात बदलायचं असेल तर रांगेत मी उभा राहीन. हर्षलाला नाय उभी करणार… हो, तेव्हापासनं त्याच्या डोक्यात होतं. मी तर विसरून पण गेले होते…

नानांचं काय सांगू? ऐकल्याबरोबर ताटावरनं उठले. म्हणाले, बाप जिवंत असताना पोरानं दुसऱ्याचं नाव लावलं, आता कुठल्या तोंडानं चौकात बसू? दिवसभर बांधावर असतात. ओमकार समोर आला की मान फिरवतात… ओमकार पण तसाच, एक शब्द काढत नाय. पण काल नानांची चप्पल तुटली, तर गुपचूप शिवून आणून दारात ठेवली… घातली ना! बोलले काय नाय, पण घातली…

घराण्याचं नाव, घराण्याचं नाव… आत्या, एक विचारू? तू एवढी भांडतेस बडेकर नावासाठी, पण तू तर दळवी ना गं, माझ्या जन्माआधीपासनं? … चिडू नको. मी उणं नाय काढत तुझं. नुसतं विचारते. तुला कधी काय वाटलं नाय? … आत्या? … हॅलो? हाय ना लाईनीवर?"

पलीकडे कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज आला. आपण फार पुढे गेलो असं संजनाला वाटलं. आत्या फोन ठेवेल, आणि मग नानांना काय सांगायचं? तेवढ्यात आत्या बोलली, इतकं हळू की संजनाने दुसरा कान हाताने दाबून धरला.

"काय म्हणालीस? … हिरू? कोण हिरू? … तू? तुझं नाव हिरू होतं? … मग हे भागूबाई? … हां… लग्नात सासरच्यांनी तांदळात लिहिलं अंगठीनं… त्यांच्याकडं आधीच एक हिरू होती, म्हणून? एवढ्यासाठी? … आणि तू काय म्हणालीस? … कोणी विचारलंच नाय… अगं बाई गं. मी एवढी मोठी झाले, मला कोणी सांगितलं पण नाय… नानांना माहीत हाय? … ते हिराक्का म्हणायचे? … तुझ्या सासरी येऊन पण? … मग सासूनं दटावलं… तेव्हापासनं नुसतं अक्का…

रडू नको ना गं आत्या. मला पण रडू येतंय मग…

काय? … नानांना देऊ? आता? तू ओरडणार का त्यांना? … अगं सांग तरी काय बोलणार… बरं, बरं, देते. थांब, फोन ठेवू नको."

नाना मांडवाकडे पाठ करून पेंढ्याच्या उडवीशी बसले होते. "नाना, आत्या हाय," म्हणत संजनाने फोन पुढे केला. त्यांनी तो उलटाच धरला. तिने सरळ करून त्यांच्या कानाला लावला आणि जवळच उभी राहिली.

"हॅलो… हां अक्का, मीच… हां… ऐकतोय…"

 ऐकताना त्यांची बोटं पेंढ्याची काडी मोडत होती, ती थांबली.

"नाय गं, विसरेन कसा? … तुझ्या सासूनं डोळे वटारले तेव्हा मी एवढासा होतो. भ्यायलो… हां… हिराक्का… म्हटलं ना. हिराक्का… आता तू रडायला लागलीस तर मी कसा बोलू? …

मला वाटलं होतं, तू तरी त्याला चार शब्द सुनावशील… हां… हां, संजीचे हाल बघितलेत मी. बघितलेत गं… नाय, तू सांगतेस म्हणून नाय. मला पण दिसतंय ना… बसतो. बसतो मांडवात.

तू उद्याच ये, हळदीला… एसटीनं कशाला? गाडी पाठवतो… तोच येईल न्यायला… तो म्हणजे कोण काय? ओमकार. ओमकार बडेकर…"

नाना अडखळले. 

"…पिंगळे. हां, दोन्ही… जमेल हळूहळू. चल हिराक्का, ठेवतो आता. पोराला हाक मारायचीय."