मुंगळ्यांच्या राणीची ओळख

उकव्याची बस बालाघाट स्टँडवरून सुटायची होती. निवृत्तीनंतर कालिंदीबाईंना मागच्या सीटवरचं बोलणं ऐकायचा छंदच जडला होता. आज मागे आजी-नात होत्या.

“गीता, उद्या तुले पाहायले पाहुणे येऊन राह्यले, अन् तू शिशीत मुंगळा घेऊन चालली?”

“मुंगळा नाही आजी, राणी हाये थे. लाकडात घर करते. नेमकी कोणती, म्हणून मुंग्या पाळणाऱ्याइच्या ग्रुपवर विचारलं.”

“मंग?”

“एकट्या राणीवरून पक्कं सांगता येत नाही म्हणे. तिले पोरी होऊ द्या, त्याइले पाहून सांगू. दोन महिने लागतील.”

“फोटो नाही धाडला काय?”

“वीस धाडले! वरून, बाजूनं, कमरेचे.”

“अन् तरी दोन महिने?”

“हौ. घाई केली का चुकते म्हणे.”

बस सुटली. आजीनं शिशी हातात घेतली.

“लाव तुह्या बापाले फोन. उद्याचे पाहुणे तं एका चहात हौ का नाही मांगून राह्यले.”

“फोटो काढता काढता बॅटरीच संपली, आजी.”

कालिंदीबाई मागे वळल्या आणि त्यांनी आपला फोन आजीच्या हातात दिला.