दोन रंगांचे डाग

हॅलो?… हो, मावशीच. माझ्या घरी दुसरं कोण उचलणार फोन?… अगं बोल ना छकू, वर्ग चालू आहे, पण चालू दे. पोरी रंगवण्यात गर्क आहेत. तू बोल.

काय?… विसरेन कशी? भाचीच्या लग्नाला आठवडा उरला आणि मावशी विसरेल? मेकअपची पेटी कालच पुसून ठेवलीय. ब्रश धुऊन खिडकीत वाळत घातलेत.

हो, पाहिले तू पाठवलेले फोटो… आवडले गं. पण एक मला कळेना. आधी तू ज्या ज्या नवऱ्यांचे फोटो पाठवलेस त्या सगळ्या मोकळ्या गळ्याच्या. ‘मावशी, माझे खांदे छान आहेत, दिसू देत’ असं कोण म्हणालं होतं? आणि आता बघते तर एकजात बंद गळा, बाह्या मनगटापर्यंत. एवढ्या उकाड्यात?… फॅशन आलीय?… बरं बाई. आली असेल.

हो, हो… अगं ऐक ना. शेवटच्या आठवड्यात चेहऱ्याला नवीन काही म्हणजे काही लावायचं नाही. मोबाइलवरच्या त्या बाईने तोंडाला काय फासलं ते तिचं तिला लखलाभ. भरपूर पाणी, वेळेवर झोप, ओठांना रात्री थोडी साय… झोप लागत नाही? लग्नाआधी कुणाला लागते? तुझी आई चार रात्री जागली आणि लग्नाच्या प्रत्येक फोटोत जांभई देत बसली. दाखवीन तुला.

हं? डाग?… कसला डाग?… झाकायचाय. बरं. रंग कोणता त्याचा?… अगं, ‘डागासारखा’ हा काही रंग झाला का? माझ्या वर्गातली सहा वर्षांची पोर असं उत्तर देत नाही. नीट बघून सांग. उजेडात जा… हं. निळा. जांभळट निळा. मग त्याच्यावर आधी नारिंगी. तुला शिकवलंय की मी, समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. निळ्याला नारिंगी, लालला हिरवा. अगदी पातळ थर, बोटाने थोपटायचा, चोळायचा नाही. मग त्यावर तुझ्या कातडीचा रंग. डोळ्याखाली आहे ना?… दंडावर?

दंडावर कशाने आला?… जिन्यावरून पडलीस? कधी?… परवा. आणि मला आज सांगतेस? लागलं का खूप? हाड वगैरे…? बरं, बरं. धांदरटच आहेस पहिल्यापासून.

पोरींनो, पाणी बदला गं, चहा झालाय त्याचा… तुला नाही, इथे बोलतेय.

हं, बोल. दुसऱ्यावर नारिंगी चालत नाही?… दुसरा कुठला? दोन आहेत?… मानेखाली. बरं. नारिंगी लावला की मळकट दिसतो… तसं होणारच नाही, निळ्यावर नारिंगी लावला की… थांब. तो दुसरा निळा नाहीये का?… पिवळा? कडेने हिरवट?

…

काही नाही. आहे मी. ऐकतेय… पिवळ्याला फिकट जांभळा लावतात. हो. सांगते सगळं. पण आधी मला एक सांग, छकू. हा मानेखालचा पण परवाच पडलीस तेव्हाचा?… त्याच जिन्यावर?

बाळा, आयुष्यभर रंगच शिकवलेत मी. मुका मार लागला की पहिले दोन-तीन दिवस निळा-जांभळा. मग हिरवट. मग पिवळा. तुझ्या गुडघ्यांवर कितीदा पाहिलंय मी ते सायकलच्या दिवसांत. पिवळा व्हायला आठवडा जातो. एकदाच पडलेल्या माणसाला दोन रंगांचे डाग येत नाहीत गं.

…

रडू नको. नाही, रागावले नाही. तुझ्यावर कशाला रागावू?… बरं, रड. रड थोडं. मी आहे इथेच.

दंडावरचा कसा आहे? आकार सांग मला… एका ओळीत? चार?… आणि मागच्या बाजूला एक. अंगठा.

हं.

नाही, आवाज नाही कापत माझा. पंखा चालू आहे वर, त्याचा आवाज.

कशावरून?… पडद्यांच्या रंगावरून?… आणि आधीचं, मानेचं?… वाढदिवसाला तुझ्या मित्राने फोन केला म्हणून. बरं… रडला तो नंतर? हो का. रडला असेल. खरंच वाईट वाटलं असेल त्याला, मी नाही म्हणत नाही. पण निळा डाग पिवळा व्हायच्या आत दुसरा दिलाच ना त्याने?

आईला सांगितलंस?… काय म्हणाली?… ‘लग्न झालं की निवळेल.’ असं म्हणाली ताई? तुझ्या आईकडे मी नंतर बघते.

तू आत्ता कुठे आहेस?… नव्या घरी? एकटी?… सामान लावताय. आणि तो?… खाली गेलाय. कशाला?… कपाट आलंय. हमाल आहेत बरोबर? बरं, मग तो वर यायच्या आत तू निघ. आत्ता. पायात काही घाल आणि… काय? बाहेरून?

कुलूप लावून गेला?… दार आपोआप उघडतं म्हणून? अगं, दार आपोआप उघडतं तर आतून कडी लावायला सांगतं माणूस… नेहमी लावतो? खाली गेला की नेहमी?… दुसरी किल्ली?… त्याच्याच खिशात.

छकू. ऐक. श्वास घे. माझ्याबरोबर. आत… आता सोड. परत… आत… शाब्बास.

पोरींनो, जरा गप्प बसाल का गं? मावशी महत्त्वाचं बोलतेय. बिनआवाजाचं चित्र काढा. मासे काढा.

हं, ऐक. हॉलचं भाडं, पत्रिका, पाहुणे… ते सगळं माझ्यावर सोड. खोटं नाही बोलत, उद्या दारोदार जाऊन मी सांगेन, आमचं लग्न मोडलं म्हणून. मला कुणी खाणार नाही. तू फक्त आत्ताचं बघ. तुला लग्न करायचंय का त्याच्याशी?… ‘माहीत नाही’ पण चालेल. आत्ता त्या घरात थांबायचंय का, एवढंच सांग… नाही. झालं तर. तेवढं पुरे.

आता बघ. कपाट वर येईल तेव्हा दार सताड उघडावं लागणार. हमाल आत येतील, खोलीत जातील. ती चार माणसं घरात आहेत तोवर तो काही करणार नाही. बाहेरच्यांसमोर तो फार सभ्य असतो, मी पाहिलंय. मला तर खुर्ची आणून देतो. तेवढाच वेळ आहे आपल्याकडे.

तो विचारेल, कुणाशी बोलतेस. सांग, मावशी आहे, तुमच्याशी बोलायचंय म्हणते. आणि फोन देऊन टाक त्याच्या हातात… अगं, गेला तर गेला फोन! त्याला मी बोलण्यात अडकवते… बोलेल, बोलेल. फोटोत चेहऱ्यावरचे खड्डे दिसतील का म्हणून तुझ्या साखरपुड्यात दोनदा मला बाजूला घेऊन विचारलंय त्याने. वर्गात एखादं दांडगट पोर असलं ना, की मी त्याला फळ्यापाशी बोलावते आणि त्याच्या आवडीचंच काहीतरी विचारते. इकडे बाकीची पोरं डबे आवरून मोकळी.

तू पळायचं नाही. चालायचं. हमालांना वाट करून द्यायला बाजूला झाल्यासारखी दाराबाहेर हो. लिफ्टची वाट बघू नको, जिन्याने उतर. कठडा धर. आणि जिथे माणसं असतील तिथे जा. कुठेही. थांबू नको, मागे बघू नको… पर्स राहू दे. बरं, हाताशी असेल तर घे. नसेल तर राहू दे.

भीती वाटतेय?… मला पण वाटतेय गं. दोघींनाही वाटू दे.

आला?… लिफ्टचा आवाज? बरं. आता हस थोडं. मेकअपचं बोल… हो ना गं! गुलाबीच छान दिसेल तुला, लाल भडक नको, दात पिवळे दिसतात त्याने… अगं, मग कर ना घट्ट अंबाडा, पण कानाजवळ दोन बटा सोड… हो, हो… दे ना त्यांच्याकडे, दे! मला बोलायचंच होतं त्यांच्याशी.

हॅलो! जावईबापू! कसे आहात?… मी मजेत. कामात आहात का? कपाट आलं म्हणे… ठेवतील हो ते, त्यांचं रोजचं काम आहे. तुम्ही इकडे या. तुमच्या चेहऱ्याचं राहूनच गेलं की! सगळे नवरीच्या मागे, नवरदेवाकडे कुणाचं लक्षच नाही. फोटोत निम्मे तुम्ही असता ना?

नाही, नाही, आत्ताच सांगायला हवं. आठवडा राहिलाय, आजपासून सुरू केलं तरच फरक दिसेल… पाच मिनिटं द्या मला. दाढीचा छोटा आरसा आहे का हाताशी?… सापडला? वा. आता बाथरूमच्या दिव्यात नका बघू, तो दिवा खोटं बोलतो. खिडकीपाशी उभे राहा. बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून… हं, तसंच. पाठ घराकडे.

आता डावा गाल. खड्डे वरच्या बाजूला जास्त आहेत की हनुवटीकडे?… नीट मोजून सांगा, घाई नको… हो का. अरेरे. पण काळजी नाही. दाढी उलटी करता की सुलटी?… तिथेच चुकतं सगळ्यांचं. केसाच्या दिशेने वस्तरा फिरवायचा. आधी कोमट पाण्याचा फडका. असा दाबून ठेवायचा. किती वेळ?… मनात शंभर म्हणेपर्यंत.

ती?… असेल की आत. हमालांना जागा दाखवत असेल. बायकांना कपाट कुठे ठेवायचं ते पुरुषांपेक्षा जास्त कळतं… नका बोलावू तिला, तिच्यासमोर कशाला तुमच्या खड्ड्यांची चर्चा? हे आपलं दोघांत.

आता मान वर करा. गळ्याखालचा भाग बघा. लाल पुरळ आहे?… आहे ना? मला वाटलंच. त्याला बर्फ. कापडात गुंडाळून… नाही, थेट नाही, कातडी जळते. फाउंडेशन मी लावीन तुम्हाला, कुणाला कळणारसुद्धा नाही. मोठमोठे लोक लावतात हल्ली… कळणार नाही हो! मी शब्द देते.

हमाल चालले?… पैसे देऊन झालेत ना? मग जाऊ दे त्यांना. तुम्ही उजवा गाल दाखवा… म्हणजे सांगा. उजव्या गालाचं सांगा.

काय?… हाक मारून बघा हवं तर. बाथरूममध्ये असेल… नाही? मग गच्चीत… गच्ची नाही का तुमच्याकडे? बरं, बरं. अहो, थांबा ना, अजून ओठांचं सांगायचं राहिलंय. ओठ फुटलेले दिसले तर अख्खा चेहरा… खाली?

खिडकीतून दिसतेय? कुठे?… रस्त्यापलीकडे. अनवाणी?… पळतेय का चालतेय?… चालतेय.

ओरडू नका, जावईबापू, इथे लहान मुली आहेत. मला एवढंच सांगा, आता कुठे आहे?… थांब्यावर. एकटी?… शाळेची मुलं आहेत बरोबर. आणि?… बस आली? बसमध्ये चढली ती? तुम्ही पाहिलंत चढताना?… निघाली का बस?… अहो, मी शांतपणे विचारतेय, तुम्हीही शांतपणे सांगा. कोपऱ्यावरून वळली का?

वळली.

नाही, काही नाही. बसले जरा खाली.

हो. मीच सांगितलं तिला. मीच… करा ना फोन ताईला. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. चार लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला चांगलं बोलता येतं… माझ्या घरी येणार? या. आत्ता इथे नऊ मुली रंगाने बरबटल्यात आणि अर्ध्या तासात त्यांच्या नऊ आया येतील न्यायला. दार उघडंच आहे. पण पोरी आयांच्या हाती दिल्या की मी नसेन.

कुठे म्हणजे? तिला आणायला… कुठली बस ते तुम्हाला दिसलं नाही. मलाही माहीत नाही. एकेका थांब्यावर जाऊन बघेन, सापडेपर्यंत. ठेवते.