सणाआधीचा लेझर

छुसॉकच्या सणाची सुट्टी दोन दिवसांवर आली होती. कोरियातल्या सोल शहरात, त्वचेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, मी मोठा लेझरच करते. पिंपल्सचे खड्डे मुळापासून भरतात."

"आणि दहा दिवस तोंड सोललेलं. म्हणजे सणाला यंदाही घरी येणार नाहीस."

"आईला सांग, ऑफिसचं काम निघालं."

"तीन वर्षं तेच सांगतेय, बोराम. हलका लेझर कर आणि चल."

"नको गं. माझं तोंड बघून परत रडत बसेल ती."

"बघून? वर्ष झालं, तिला डोळ्यांनी काही दिसत नाही. तुला कळवू नको म्हणाली."

बोरामचा हात आपल्या गालावरच्या खड्ड्यांवर गेला.

"मी गेले की माझे गाल चाचपते. म्हणते, हे गुळगुळीत आहेत, ही माझी बोराम नव्हे."