दोडका कोनाचा?

आता मले सांगा, कुत्रं काय मी माहेराहून आनलं व्हतं? नाही ना? मंग सारी मावल्याची गल्ली माह्याच दाराकडं बोट करून काऊन उभी राह्यते? तुमाले सांगते, जल्मात मले कोनी साहेबानं काही इचारलं नाही, घरचे कशे हाये, धंदा कसा हाये, काही नाही... अन इचारलं तं काय? "कुत्रं कोनाचं?"

बरं, पयलेपासून सांगते. आमी तिकडचे, वांकिडीचे. मी रंजीता, माहा नवरा गोपाल, अन सासूबाई बयनाबाई. भाजीचा गाडा लावतो आदिलाबादच्या बजारात. आदिलाबादले लागूनच मावला हाये, तिथी अमृतरावच्या घरी खालच्या दोन खोल्या किरायानं घेतल्या. अमृतराव वर, आमी खाली. खोली देतानाच त्याईनं गळा साफ करून सांगतलं, "हे पाहा, बकरी नाही, कोंबडी नाही, कुत्रं नाही. घर साफ पाह्यजे." आमी म्हनलं, बरं. अन हे बोलनं चालू असताना, पायरीवर एक तांबडं कुत्रं बसून कान खाजवून राह्यलं व्हतं! म्या म्हनलं, "मंग हे?" तं म्हने, "ते? ते इथलंच हाय."

इथलंच! घर बांधताना सिमिटाची राखन कराले याच मानसानं ते पिल्लू वावरातून आनलं व्हतं, हे मागून समजलं. घर झालं, फरशी बसली, फरशीवर पाय उमटते म्हनून कुत्रं बाहीर! कोनाचंच लाडकं नाही, म्हनून सासूबाईनं नाव ठेवलं दोडका. अन आमी भाजीवाले, आमाले ते नाव बरंच वाटलं.

सासूबाईले दिसते कमी. आता पाहा, म्हातारी आंगनात निंगाली का दोडका तिच्यापुढं पुढं चाले, अन उघडी नाली आली का आडवा उभा राहे. कोनी शिकवलं? कोनीच नाही! गुडघ्याले कुत्रं लागलं का म्हातारीले समजे, इथून वळाचं. आता अशा जिवाले भाकर नाही टाकाची तं काय गोटे माराचे?

तं झालं काय, गल्लीत एका मानसाले कुत्रं चावलं. कोनतं चावलं? त्यालेबी मालूम नाही! "कुत्र्यावानी कुत्रं व्हतं," म्हने. पन तक्रार गेली, अन मुन्सिपालटीची जाळीवाली गाडी येऊन उभी राह्यली आमच्या दारात. साहेब उतरला. पयले तेलुगूत, "अम्मा, ई कुक्क एवरिदि?" मंग हिंदीत, "अरे अम्मा, कुत्ता किसका है?" मंग त्याच्यासंगचा लखन, कुत्रे पकडनारा, आपल्याच इकडचा, तो मराठीत, "काकू, कुत्रं कोनाचं?" तीन भाषा बाप्पा, अन मले एकीतबी जवाब सापडेना! कारन पाहा ना... आमचं म्हनलं तं अमृतराव घराबाहीर काढनार. आमचं नाही म्हनलं तं दोडका गाडीत जानार. अन खरं सांगावं का अमृतरावचं हाय, तं ते गॅलरीतून आधीच वरडले, "माह्याकडं कुत्रं-बित्रं नाही! किरायादाराले इचारा!" अन माहा नवरा? दोडक्याकडं पाह्यलं, अमृतरावकडं पाह्यलं, अन मंग सोताच्या चपलेकडं असा पाहू लागला, जशी ती आजच घेतली!

"मालिक नहीं है तो गाडी में डालो," साहेब बोल्ला. लखननं फास काढला. तुमाले सांगते, दोडका भुंकलाबी नाही हो... गुपचूप गेला अन सासूबाईच्या लुगड्यामागं बसला. म्हातारीनं खाली बसून त्याच्या मानेले मिठी मारली, तं फास तिच्याच मनगटात आवळला! "सोड ना माय," लखन म्हने. म्हातारीनं मिठी अजूनच घट्ट केली. म्हातारी कापे का कुत्रं कापे, तेबी समजेना. अन मले काय झालं देव जाने, माह्या तोंडातून निंगालं, "आमचं हाय! कुत्रं आमचं हाय!"

वरतून लगेच, "आयकलं ना साहेब? उद्या खोली खाली करा मंग!"

साहेब म्हने, "सुई का कार्ड दिखाओ. कल आता मैं. कार्ड नहीं तो कुत्ता नहीं."

आता जावं कुठी? माह्याकडून मेथी नेनारी वृषालीबाई हाये, कोर्टात वकील. पिशवी बाजूले ठेवून तिनं सारं आयकलं, अन कशी बोल्ली, "हे बघा रंजीताताई, घाबरायचं नाही. पाळलेलं कुत्रं असं उचलून नेता येत नाही. लस द्या, पट्टा बांधा, नोंद करा. आणि घरमालक उद्याच्या उद्या बाहेर काढू शकत नाही. नोटीस लागते, कोर्ट लागतं. हा तुमचा हक्क आहे!" हक्क! येवढा मोठा शब्द, मी तं घरी नेईपर्यंत इसरते का काय असं वाटलं.

गेलो मंग जनावराच्या दवाखान्यात. सासूबाई आटोत, दोडका तिच्या मांडीवर, अन माहा नवरा ड्रायव्हरजवळ, दोडक्याची वळख नसल्यावानी तोंड करून! तिथी डॉक्टर पुन्हा तेच, "कुत्रं कोनाचं?" म्या तोंड उघडाच्या आत म्हातारी बोल्ली, "माहं." बस! कार्डावर लिहिलं, मालक बयनाबाई, राहनार मावला. आमच्या किरायाचा कागद अमृतरावनं आजपर्यंत केला नाही. पन दोडक्याचा पत्ता पक्का झाला!

दुसऱ्या दिवशी साहेब आला, कार्ड पाह्यलं, पट्टा पाह्यला, "बागुंदि अम्मा," म्हने, चांगलं केलं म्हने, अन गेला. लखननं तं जाता जाता दोडक्याचं डोस्कं खाजवलं. मी खुश! अमृतराव खाली उतरले, "कुत्रं तुमचं ना? मंग निंगा." मी पदर खोचला अन वृषालीबाईवानी मान ताठ करून बोल्ली, "नोटीस लागते, कोर्ट लागते. हा आमचा हक्क हाय." 

मानूस भांडला असता ना, तं मले बरं वाटलं असतं. नाही भांडले. नुसतं माह्याकडं पाह्यलं, "बरं," म्हनलं, अन जिना चढून गेले.

सकाळी नवऱ्यानं नळ उघडला. फुस्स... हवा आली नुसती! वर गेलो तं अमृतराव म्हंते, "मोटर खराब हाय." अन तिथीच त्याईची बायको पाइपानं फरशी धुऊन राह्यली! तवापासून चौकातल्या हापशीवर हंडे भरून राह्यलो आमी. कंबर गेली माही. म्हातारीची आंघोळ एक दिवसाआड. नवरा म्हंते, "सोड, दुसरं घर पाहू." पाह्यली ना घरं! पार तिकडं गुडीहत्नूर गावापर्यंत पाह्यली. सारं जमते, किराया जमते, मंग घरवाला इचारते, "अन हे कुत्रं कोनाचं?"

काल पुन्हा वृषालीबाईले सांगतलं. ती म्हंते, "पाणी तोडता येत नाही, ताई. तोही तुमचा हक्क आहे. तक्रार टाकू, थोडा वेळ लागेल." असंल बाप्पा. हक्क लय झाले आता आमच्याजवळ... सकाळी तोंड धुवाले तेवढं पानी नाही.