पहारेकऱ्याला गाऱ्हाणं

तुमच्या कॉम्प्युटरच्या खेळात काय बोलायचं ते निवडायचं आणि समोरच्याला पटलं की नाही ते नशीब ठरवणार, असंच ना? तसला खेळ आम्ही पंच्याऐंशीच्या सुमारास तोंडवलीत कागद आणि फाशावर खेळलोय. बोटीवर नोकरीला असलेल्या दिगंबरने, माझ्या आतेभावाने, तो परदेशातून आणलेला. पहारेकरी तोच व्हायचा.

आमचा सोबती किल्ल्यात कैद, सकाळी त्याचं मुंडकं उडणार. पहारेकऱ्याशी गोड बोलायचं, धमकवायचं की लाच द्यायची? मी गोड बोललो. फासा टाकला, एक पडला.

"संपलो खेळ," दिगंबर म्हणाला.

शेजारी काजूच्या काजी सोलत बसलेली आई उसळली. "संपलो कसो? देवळात कौल डावो पडलो म्हणून कोण घराक जाता? गाऱ्हाणा बदलूचा नि परत कौल मागूचो!"

"मामी, नियमात बसणा नाय."

आईने हात पुसले, पदर खोचला, त्याच्यासमोर बसली. "बा पयारेकऱ्या, ह्या झिलाची आई वाट बघता. तुझीय बघता. त्येका घराक धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देवळात गाऱ्हाण्याला ओरडतात तसे आम्ही सगळे ओरडलो.

मी परत फासा टाकला. दिगंबरने त्यावर झटकन हात ठेवला. "दार उघडला."

मी त्याचा हात उचलला. पुन्हा एकच!

"आई, एक पडलोहा!"

आई काजींकडे वळलेली. "पडांदे. मी फाशाशी खंय बोलत होतंय?"