चालायची सोबत

हॅलो?… हॅलो? कोण, लेसिएली?… अगं बोल ना. नाही, कामात कसली, अळूची पानं निवडत बसले होते… हो, आहे घरातच. कुठे जाणार तो?

टोआकासेने खिडकीतून पाहिलं. तिचा नवरा सेमिसी पडवीत पाठमोरा बसला होता. लेसिएलीचा नवरा फेलेती वारल्याचं ऑकलंडहून कळलं, त्या दिवसापासून तो तिथेच बसत होता. टोआकासे मागच्या दाराशी गेली आणि आवाज खाली केला.

नाही गं, नाही घेणार फोन. कुणाचाच घेत नाही… तुझ्यावर कशाला रागवेल? तुझं नाव काढलं तरी डोळे भरतात त्याचे… काय सांगू? चालणं बंद. गोळ्या घेतो म्हणतो, आणि काल अंथरूण झटकलं तर खाली सापडल्या… हो, सगळ्या… अगं ऐक ना. रविवारी चर्चहून आलो, तर चरबीचं मटण ताटभर वाढून घेतलं. मी ताट ओढलं. म्हणाला, फेलेतीने मीठ सोडलं, मटण सोडलं, रोज चालला, काय मिळालं त्याला?

दोघांच्या हृदयाचं ऑपरेशन ऑकलंडच्या एकाच इस्पितळात झालं होतं, खाटा शेजारी शेजारी. सेमिसी आपल्या बेटावर, नेइआफूला परतला तो घाबरूनच. छातीचे टाके उसवतील म्हणून उंबरा ओलांडत नव्हता. मग फेलेतीने रोज सकाळी फोन करायला सुरुवात केली. तो तिकडे बागेत चालायचा, हा इकडे बंदराच्या धक्क्यापर्यंत. दोघांच्या कानाला फोन, गप्पा चालू.

नर्स येऊन गेली ना. चांगली आहे बाई. म्हणाली, छाती शिवून होते, मनाला वेळ लागतो. ओरडू नका, सोबत द्या… सोबत कुठून आणू मी? त्याची सोबत तुझ्या घरून यायची… लेसिएली? रडू नकोस गं, मी उगाच बोलले…

काय?… परत सांग… चालत नव्हता म्हणजे? कोण, फेलेती?

टोआकासे तिथल्याच खोक्यावर बसली.

पण मी स्वतः फोनवर ऐकलंय गं. धापा टाकायचा. चढ आला, थांब जरा, म्हणायचा… स्वयंपाकघरात?… खुर्चीत बसून?… इस्पितळातून आल्यापासून एकदाही नाही?… आणि गोळ्या?… त्याही नाही… अरे देवा…

हो… हो, ऐकतेय… बाहेर पडलो तर रस्त्यातच कोसळेन, असं वाटायचं त्याला… आणि हे सेमिसीला कळलं तर तोही घरात बसेल, म्हणून…

टोआकासेने वळून पडवीकडे पाहिलं.

तुझी कसली चूक? तू बोलली असतीस तर ऐकलं असतं त्याने?… पण मी आता काय करू? सांगितलं तर हा गोळ्या घेईल, कदाचित. पण फेलेतीसोबतच्या त्या सगळ्या सकाळी खोट्या ठरतील गं त्याच्या. तेवढंच उरलंय त्याच्याकडे… आणि लपवलं तर उद्या मीही तुझ्यासारखी… माफ कर, तोंडून गेलं… नको, मी नाही सांगत. तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला. थांब, ठेवू नकोस.

ती पडवीत आली. सेमिसीने नकारार्थी मान हलवली. ती फोन त्याच्या कानाला लावून धरून उभी राहिली.

हॅलो… हं, लेसिएली… हो, जेवलो… बोल…

मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मध्येच त्याने फोन स्वतःच्या हातात घेतला.

स्वयंपाकघरात?… रोज?

त्याला हसू येतंय असं टोआकासेला वाटलं, पण ते हसू नव्हतं.

चढ आला म्हणायचा गं… मी थांबायचो त्याच्यासाठी. इथे सपाट रस्त्यावर उभा राहायचो, त्याचा चढ संपेपर्यंत…

नाही, राग कसला… पण सांगायचं ना मला. भीती वाटते, एवढं म्हणायचं होतं…

मलाही वाटायची. धक्क्यापर्यंत रोज वाटायची. त्याचा आवाज यायचा म्हणून पुढे जायचो… नाही, मीही नाही बोललो त्याला. कधीच नाही.

टोआकासेलाही हे ठाऊक नव्हतं. ती त्याच्याजवळ पायरीवर टेकली.

हॅलो?… लेसिएली?… ऐकू येतंय का?

फोन मध्येच कट झाला होता. तरी त्याने तो कानावरून काढला नाही. त्या दिवशी तो चालायला गेला नाही. गोळी मात्र त्याने मागून घेतली आणि पाण्याचा पेला हातात असतानाच, फेलेती गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने रडला. टोआकासेने त्याला रडू दिलं.