दारावरचे हळदीचे हात

जबाब

मी, फरीदा रहिमान अत्तार, वय ४६ वर्षे, शिक्षण दहावी पास, धंदा घरकाम व शिकवणी, रा. ओढ्याकाठची गल्ली, फलटण, जि. सातारा. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी न बोलावता, समक्ष सांगते की,

माझे पती ट्रकवर चालक असून सध्या हुबळीकडे गेलेले आहेत. आमच्या गल्लीत अर्धी घरे मुसलमानांची व अर्धी धनगरांची आहेत. दोन्हीकडची मुले संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला येतात. बायकांच्या बचत गटाचा हिशेबही मीच ठेवते.

सोमवारी चौकात दगडफेक सुरू झाली तेव्हा शिकवणी चालू होती. मुलांना घरी सोडावे म्हणून मी दार उघडले, तर गल्लीच्या तोंडाशी जमाव दिसला. शेजारीण हरणाबाई धुळा कोळेकर व त्यांचा मुलगा इंद्रजित पळत आले. हरणाबाई म्हणाल्या, "पोरं भाईर काढू नगा. कुलूप द्या हिकडं, भाईरनं घालतो." मी कुलूप व किल्ली इंद्रजितच्या हातात दिली. ती मी माझ्या हाताने दिली, हे लिहावे.

पुढचे मी दारामागून ऐकले व फटीतून थोडे पाहिले. हरणाबाई मुलाला म्हणाल्या, "भंडाऱ्यात हात भर आन उमटव दारावर. बघत काय बसलाईस?" भंडारा म्हणजे त्यांच्या बिरोबा देवाच्या नावाची हळद. आरेवाडीच्या देवळातून आणलेली त्यांच्या घरात कायम असते.

तेवढ्यात जमाव आला. एक जण म्हणाला, "आरं, हे शिकवणीच्या चाचीचं घर हाय." दुसरा म्हणाला, "मग?"

त्यावर हरणाबाई म्हणाल्या, "कुठली चाची? ती गेली. खोली आमी घेतलीया. देवाचा भंडारा दिसत न्हाई व्हय रं? का डोळं गहाण ठिवून आलाईसा?" कोणीतरी दारावर लाथ मारली. इंद्रजित म्हणाला, "आता दुसरी मारून बघ." त्याच्या हातात मेंढरांमागे न्यायची काठी होती. ती त्याने उगारली नाही.

त्या वेळी मुले आत काय करत होती, असे मला विचारले. मुले पाढे म्हणत होती, पण तोंड न उघडता. मी फळ्यावर लिहायचे व त्यांनी बोटांनी खुणावायचे. मी सतरा आठे एकशे सव्वीस लिहिले. माझा हिशेब एरवी चुकत नाही. हरणाबाईंची नात, म्हणजे इंद्रजितची पुतणी, सृष्टी हिने बोट वर केले, तेव्हा मी पुसून छत्तीस केले. शिकवणीतल्या धाकट्या नौशीनने माझा पदर धरला होता. तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

जमाव पांगल्यावर इंद्रजितने कुलूप काढले व मुलांना हाताला धरून ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. मीही कुलूप घालून नौशीनच्या आईकडे जाऊन बसले. फोन घरात राहिला.

मधल्या वेळात माझे दीर वाजिद आले. त्यांचा फळांचा गाडा चौकात जाळला गेला होता. त्यांनी दारावर पिवळे पंजे पाहिले, कुलूप पाहिले, फोन कोणी उचलेना. घरावर खूण करून मला काही केले, असा त्यांचा समज झाला. त्या वेळी कोणीतरी काढलेल्या व्हिडिओत इंद्रजित काठी घेऊन, पिवळ्या हातांनी माझ्या दारात दिसतो. त्यावरून त्यांनी तक्रार दिली व इंद्रजितला अटक झाली.

मी दिरांना खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "भाभी, गाडा माझा जळलाय. तुमी गप बसा. एक सुटला की समदे सुटतील." गाड्याचे मलाही वाईट वाटते. तो कोणी जाळला ते शोधावे. गाडा जळाला त्या वेळी इंद्रजित माझ्या दारात होता.

हळद माझ्या संमतीने लावली का, असे विचारले. मला विचारून लावली नाही. विचारायला सवड नव्हती. विचारले असते तर मी काय म्हणाले असते, ते मला सांगता येत नाही. मी पाच वेळची नमाज पढते. उंबऱ्यावर सांडलेला भंडारा पायाखाली येऊ नये म्हणून मी कागदात गोळा करून हरणाबाईंना परत दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

काल शिकवणीला एकटी सृष्टी आली. आल्या आल्या विचारले, "चाची, काका कवा येनार?" मी तिला पाढे म्हणायला सांगितले. तिने सगळे बरोबर म्हटले आणि परत तेच विचारले.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. एके ठिकाणी "जमावातील इंद्रजित" असे लिहिले गेले होते. ते खोडून "माझ्या दारातील इंद्रजित" असे करून घेतले व शेजारी सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
फरीदा रहिमान अत्तार